द्राक्षाला मानवलं, म्हणून थायरॉइडला चालेल?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. गेली आठ-नऊ वर्षं त्या सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. महिन्यापूर्वी मोठ्या जाऊबाईंच्या भावाने समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणून दिल्या. ‘यात नैसर्गिक आयोडीन आहे, फ्युकॉइडन आहे, सहा महिन्यांत गोळी सुटेल. साखर, सांधे, कॅन्सर, सगळ्यावर चालतं,’ असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी तीन आठवड्यांपासून गोळी बंदच केली आहे. काही त्रास नाही, उलट हलकं वाटतंय, म्हणतात. मामांची (सासऱ्यांची) दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, ते रक्त पातळ राहायच्या गोळ्या घेतात. त्यांनीही कॅप्सूल सुरू केल्या. ‘बागेला सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) मारलं की मण्यांना फुगवण कशी येते ते मी डोळ्यांनी बघतो, मग माणसाला का लागू पडणार नाही?’ असं त्यांचं म्हणणं. महिन्याला ४,८०० रुपये जातात. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. मलाही एक डबी दिली आहे, मी ती अजून उघडलेली नाही. बोलले तर जाऊबाईंच्या माहेरावर शंका घेतल्यासारखं होतं. काय करू?

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर. आधी आजचं काम. सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करा आणि सरळ सांगा, की गोळी तीन आठवडे बंद आहे आणि शेवाळाच्या कॅप्सूल चालू आहेत. गोळी आज-उद्याच पुन्हा सुरू व्हायला हवी. वय ६२ आहे, म्हणून किती डोसने सुरू करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन-दोन गोळ्या घेऊ देऊ नका. कॅप्सूल दोघांच्याही आजपासून बंद, आणि मामांच्या हृदयाच्या डॉक्टरांनाही कळवा. मामांच्या रक्त पातळ राहायच्या गोळ्या मात्र कोणत्याही कारणाने थांबवायच्या नाहीत. तुमची डबी उघडू नका.

आता ‘काही त्रास नाही’ याबद्दल. या वाक्यामुळेच मला तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. थायरॉइडच्या गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन रक्तातून फार हळू उतरतं. निम्मं व्हायलाच त्याला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे गोळी बंद केल्यावर पहिला-दुसरा आठवडा माणूस आधीच्या साठ्यावरच चालतो. सासूबाईंना बरं वाटतंय ते बऱ्याच अंशी जुन्याच गोळीमुळे, आणि श्रेय मात्र कॅप्सूलला जातंय. हा साठा आता संपत आला आहे. पुढे थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, आवाज जड होणं हे सावकाश येतं, आणि घरातल्यांना ते वयाचं वाटतं. फार गुंगी येऊ लागली, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर फोनवर थांबू नका. मिरज जवळच आहे, थेट दवाखान्यात न्या.

आता कॅप्सूलमध्ये नेमकं काय असतं ते बघू. त्या भावाच्या बोलण्याला खऱ्याचा आधार आहे, म्हणून तर ते पटतं. आयोडीन हे मूलद्रव्य जगाला सापडलं तेच मुळी समुद्री शेवाळात. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा सोरा तयार करणारा माणूस शेवाळाच्या राखेवर काम करत होता. नेपोलियनच्या लढायांचा काळ, बंदुकीच्या दारूला सोरा लागायचा. राखेच्या अर्कात आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरून पाहिलं. आपल्याकडे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज किराणा दुकानातल्या मिठाच्या पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं असतं, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पण हे सगळं आयोडीन कमी पडणाऱ्या माणसांचं झालं. ज्या घरात आयोडीनयुक्त मीठ वापरतात, तिथल्या मोठ्या माणसाची थायरॉइड मंदावते तेव्हा बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव या आजाराला आहे. सासूबाईंना हाच आजार आहे का, ते त्यांच्या जुन्या फाइलमध्ये किंवा अँटिबॉडीच्या एका रक्ततपासणीत कळेल. तो असेल तर तिथे आयोडीनचा तुटवडा नाहीच. ग्रंथी दुखावलेली आहे, आणि अशा ग्रंथीवर जादा आयोडीन ओतलं तर ती आणखी बसते. भरपूर आयोडीन मिळालं की ग्रंथी काही काळ काम थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. आजारी ग्रंथीला ते जमत नाही. काही वयस्कर माणसांत तर उलटंच होतं. ग्रंथीत जुन्या गाठी असल्या तर जादा आयोडीनने ती भरमसाट हार्मोन सोडते आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

किती म्हणजे जादा? हे मामांना समजावणं मला तुमच्यापेक्षाही सोपं वाटतं, कारण त्यांना पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हे कळतं. घडाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देताना पीपीएम चुकला किंवा अवस्था चुकली तर काय होतं, हे द्राक्षवाल्याला शिकवावं लागत नाही. तोच हिशेब इथे करा. घरी पोचेपर्यंत मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. भाजी-आमटी-लोणचं मिळून दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम झालं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच आहे. (मीठ इतकं खाऊ नये, हे मामांना हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल.) अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे दिवसाला सहन होण्याची वरची मर्यादा १,१०० मायक्रोग्रॅम आहे. आणि जपानी लोक ज्याला कोंबू म्हणतात त्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये २,००० मायक्रोग्रॅमच्याही वर आयोडीन असू शकतं. सुशीला गुंडाळतात ते लाल जातीचं नोरी घेतलं तर मात्र प्रति ग्रॅम काही दहा मायक्रोग्रॅमच. जात बदलली, समुद्र बदलला, तोडणीचा महिना बदलला की आकडा बदलतो. म्हणून ‘समुद्री शेवाळ ५०० मिलिग्रॅम’ एवढंच छापलेल्या डबीवरून काहीच कळत नाही. तुमच्याकडच्या डबीवर शेवाळाची जात आणि आयोडीनचे मायक्रोग्रॅम लिहिलेत का, ते एकदा बघा. लिहिले नसतील तर मामांना एवढंच विचारा, की ज्या बाटलीवर घटकाचं प्रमाण छापलेलं नाही ती बाटली तुम्ही बागेत माराल का?

तुमच्याबद्दल मी जास्त कडक बोलणार आहे. बाळाला पाजणाऱ्या आईला आयोडीन थोडं जास्त लागतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. पण आईने घेतलेलं आयोडीन दुधातून बाळाकडे जातं, आणि तान्ह्या बाळाच्या ग्रंथीला जादा आयोडीन झेपत नाही. कोरियात बाळंतिणीला शेवाळाचं सूप देण्याची फार जुनी रीत आहे, आपल्याकडे डिंक-अळिवाचे लाडू देतात तशी. ते सूप अति घेतलेल्या काही आयांच्या बाळांची थायरॉइड मंदावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ऑस्ट्रेलियात २००९ च्या डिसेंबरात कोंबू घातलेलं एक सोयादूध बाजारातून मागे घ्यावं लागलं. ते पिणाऱ्या माणसांची थायरॉइड बिघडली होती, आणि बाधितांत बाळंही होती. दूध साधं, घटक नैसर्गिक, आणि तरीही असं झालं. तुम्ही डबी उघडली नाहीत ते फार चांगलं केलंत.

आता मामांच्या कॅप्सूलकडे येते. फ्युकॉइडन हे तपकिरी शेवाळाच्या पेशीभिंतीतलं एक चिकट बहुशर्करायुक्त द्रव्य आहे. हाराल्ड क्युलिन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ते प्रथम वेगळं केलं. ओहोटीला शेवाळ उघडं पडतं तेव्हा ते वाळू नये, म्हणून ही चिकटी त्याच्या कामाची. त्याच्या साखळीवर सल्फेटचे गट असतात, आणि त्यामुळे ते रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या प्रक्रियेत हेपॅरिनसारखा अडथळा आणू शकतं. दवाखान्यात रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन देतात ना, ते हेपॅरिन. कॅप्सूलमधून पोटात गेलेलं किती फ्युकॉइडन रक्तात उतरतं हे माणसागणिक आणि मालागणिक वेगळं. पण ज्यांच्या स्टेंटसाठी डॉक्टरांनी रक्त मोजून पातळ ठेवलंय, त्यांच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करायचा नाही. गेल्या महिन्याभरात हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळे-निळे डाग, काळा शौच असं काही झालंय का, हे मामांना तुमच्या मिस्टरांकरवी विचारून घ्या. सुनेला सांगायला ते संकोचतील. झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कॅन्सरचा दावाही याच फ्युकॉइडनवरून येतो. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर फ्युकॉइडन टाकलं की पुष्कळ प्रयोगांत त्या मरतात, हे खरं आहे. बशीतून उंदरापर्यंत आणि उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता मोठा असतो, आणि बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात. माणसाचा कॅन्सर फ्युकॉइडनने बरा होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तुमच्या ओळखीत कुणी या भरवशावर केमोथेरपी सोडायच्या विचारात असेल तर त्याला कृपा करून अडवा.

आणि बागेचं काय? मामा जे डोळ्यांनी बघतात ते खोटं नाही, आणि त्यांना तसं म्हणूही नका. शेवाळाच्या अर्काने पिकाला बळ मिळतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश केला, त्यात समुद्री शेवाळाचे अर्क आहेत. बाजारातला पुष्कळसा माल अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरच्या ॲस्कोफायलम या शेवाळाचा असतो. आपल्या देशात तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर कॅपाफायकस लावतात, आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्या ताज्या शेवाळाचा रस काढून पिकांना देण्याचं तंत्र विकसित केलं. वेलीवर जे घडतं ते असं: ॲस्कोफायलमसारख्या तपकिरी शेवाळातल्या लॅमिनॅरिन आणि अल्जिनेट या बहुशर्करांचे तुकडे पानाला बुरशीचा हल्ला झाल्यासारखे भासतात, आणि वेल आधीच आपली संरक्षणाची फळी उभी करते. अर्कातले बीटेनसारखे पदार्थ तिला पाण्याचा ताण सोसायला मदत करतात. पण वेलीला थायरॉइड नाही. तिला आयोडीनची गरज नाही, तिच्या अंगात गोठणारं रक्त नाही. बागेचा अनुभव बागेपुरता शंभर टक्के खरा धरावा. त्यावरून सासूबाईंच्या ग्रंथीबद्दल एक अक्षरही सिद्ध होत नाही.

तुमच्या मनात शेवाळाबद्दलच अढी बसू नये, असं मला मनापासून वाटतं. मला स्वतःला हे विश्व विलक्षण वाटतं. पोटात जळजळ होते तेव्हा घेतात त्या काही सिरपमध्ये तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट असतं. जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच त्याचा साय धरल्यासारखा थर तरंगतो आणि आम्ल वर येऊ देत नाही. जखमेच्या काही पट्ट्याही अल्जिनेटच्या असतात. चायना ग्रास म्हणून आपण पुडिंगला घालतो ते अगार लाल शेवाळातलं. १८८० च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, तेव्हा फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. आजही सांगली-मिरजेच्या कुठल्याही लॅबमध्ये लघवीचं कल्चर लावतात ते अगारवरच. या पदार्थांचं काम कुठलं, मात्रा किती, हे तपासून झालेलं आहे, म्हणून ते भरवशाचे.

शेवाळातली द्रव्यं किती जहाल असू शकतात याचंही एक उदाहरण देते. जपानमध्ये डिजेनिया नावाचं लाल शेवाळ पोटातल्या जंतांवर शेकडो वर्षं देत आले. १९५३ मध्ये त्यातलं गुणकारी द्रव्य वेगळं केलं, ते कैनिक आम्ल. ते जंतांवर खरंच चालत होतं. पुढे कळलं, की हेच द्रव्य उंदरांच्या मेंदूतल्या पेशी मारतं. आज अपस्माराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम झटके आणण्यासाठी ते वापरतात. निसर्गाने शेवाळात असली द्रव्यं माणसाची सोय म्हणून ठेवलेली नाहीत. खाणाऱ्या माशांपासून, उन्हापासून, जंतूंपासून जीव वाचवायला शेवाळ ती तयार करतं.

कुणी तुम्हाला सांगेल, की कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनेही शेवाळापासून सांधेदुखी, साखर आणि थायरॉइडसाठी अर्क तयार केलेत. केलेत, आणि ते गंभीर संशोधन आहे. पण त्याचा आधार घेऊन दुसऱ्याच कुठल्यातरी डबीतला माल विकणं योग्य नाही, आणि त्या अर्कामुळे डॉक्टरांना न विचारता चालू गोळी सोडावी असंही होत नाही.

डबीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक असेल. तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, रोग बरा करण्याचा दाखला नव्हे. उलट औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा १९५४ चा कायदा गलगंड, मधुमेह आणि कॅन्सर बरे करण्याची जाहिरात करायलाच मनाई करतो. एक गोष्ट डबीवर दिसणार नाही, ती आर्सेनिक. काही शेवाळं समुद्रातून ते खेचून घेतात. हिजिकी नावाचं जपानी शेवाळ खाऊच नका, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये याच कारणाने दिला. जड धातूंचा प्रयोगशाळेतला अहवाल जो दाखवू शकत नाही, त्याचा माल पोटात घालू नये.

राहिला घरातला प्रश्न, आणि तो लहान नाही. सासूबाईंना चूक दाखवायला जाऊ नका. नऊ वर्षं रोज उठून उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि मग चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबायचं, याचा माणसाला कंटाळा येतो. ‘गोळी सुटेल’ हे दोन शब्द त्यांना गोड लागले यात नवल नाही. त्यांना म्हणा, ‘आत्या, डॉक्टरांनी गोळी आजपासून परत घ्यायला सांगितलीय, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघू म्हणालेत. मी येते तुमच्याबरोबर.’ टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी; मात्रा बसून तिचा आकडा स्थिर व्हायला एवढा वेळ लागतोच, म्हणून त्याआधी घाईने तपासणी करून घाबरू नका. गोळीबरोबर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. नुसत्या या अंतराने कधी कधी डोस कमी करता येतो, आणि सासूबाईंना हवी ती कमी गोळी अशा रस्त्यानेही मिळू शकते.

जाऊबाईंच्या भावाशी तुम्ही थेट बोलू नका. हे काम तुमच्या मिस्टरांनी आणि मोठ्या दिरांनी मिळून करावं, आणि आधी जाऊबाईंना विश्वासात घ्यावं. तो मुलगा फसवायला आला असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्याला वरून जे शिकवलं ते तो सांगतो, आणि कदाचित त्याचेही पैसे त्यात अडकलेत. त्याला एवढंच सांगायचं: ‘आईची थायरॉइडची गोळी आणि वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी या कॅप्सूल बंद करायला सांगितल्यात. न उघडलेल्या डब्या परत घे.’ त्याच्या स्वतःच्या घरात कुणी थायरॉइडची किंवा रक्त पातळ राहायची गोळी घेत असेल, तर त्यांनाही त्याने डॉक्टरांकडे न्यावं, हेही दिरांनी त्याला सांगावं.